मडक्याचं झाकण

सगळी वस्ती दारात येऊन उभी होती आणि शिंपिणीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. वस्तीला पाऊस पाडून द्यायचं काम तिच्या सासऱ्यांच्या घराण्याचं. मडक्यावरचं झाकण काढलं की पाऊस येतो, लावलं की जातो, एवढा साधा मामला. सासरे गेले आणि मडकं सुनेच्या गळ्यात पडलं.

खरी मेख घरातल्या दोघींनाच ठाऊक होती, तिला आणि सासूबाईंना. परसातल्या झाडाला पालवी फुटली की सासरे झाकण काढत, वारा फिरला की लावत. पाऊस आपल्या पायांनी येई-जाई, मान मात्र मडक्याला मिळे. पण हल्ली झाडाचंच डोकं फिरलं होतं. कधीही पालवी, कधीही पानगळ. यंदा तिने भीत भीत झाकण काढलं, पाऊस आला, आणि आता जायचं नाव घेईना. नदी खालच्या गल्लीच्या पायऱ्यांना लागली होती. सरकारी गाडी भोंग्यावरून ‘घरं सोडा’ म्हणून ओरडून गेली, पण कोणी जागचं हललं नाही. आपल्याकडे झाकण आहे ना.

"लावा आता वहिनी," पाववाला म्हणाला. "किती राग धरायचा माणसाने?"

हे नुसतं मडकं आहे, असं सांगून टाकलं तर? त्या चेहऱ्यांकडे पाहून तिची बोबडीच वळली. त्यांनी तिला झोडपलं असतं, तेही एक वेळ चाललं असतं. पण मग तिचं ऐकून घर कोणी सोडलं असतं?

"इथे नाही लागायचं," ती म्हणाली. "टेकडीवर न्यावं लागेल. आणि लहानथोर सगळे हवेत. एक जरी माणूस खाली राहिलं तर झाकण बसत नाही."

थाप होती, पण लागू पडली. वस्ती आवराआवर करू लागली.

आत सासूबाई खाटेवर गुडघे चोळत बसल्या होत्या.

"आई, चला. हे पाववाले भाऊ उचलून नेतील तुम्हाला."

"मला कशाला गं?" सासूबाईंनी डोळा मिचकावला. "जन्मभर पाहिलंय मी हे नाटक."

दारात माणसं कान देऊन उभी. तिने डोळ्यांनीच नदीकडे खूण केली. म्हाताऱ्या नजरेला ती खूण दिसली नाही. "ऐका ना माझं," एवढंच ती बोलू शकली. यांना घेऊन या, असं पाववाल्याला बजावून तिने मडकं पोटाशी धरलं आणि निघाली, कारण तिच्याशिवाय कोणी पाऊल उचलणार नव्हतं.

सगळे टेकडीवर पोचले तेव्हा पाववाला मागून धापा टाकत आला. एकटाच.

"म्हातारी ऐकेना. हात लावू देईना. हसत म्हणाली, झाकण बसायला मी लागत नाही, सुनेला विचार."

तिने खाली पाहिलं. गल्ली कुठे दिसत नव्हती. त्यांच्या घराचा पत्रा तेवढा वर होता, मग तोही दिसेना. ती धावली, पण वाटच पाण्यात गेली होती. दोघांनी तिला धरून मागे ओढलं.

"एक माणूस खाली राहिलं," गर्दीतून कोणीतरी घाबरून म्हणालं. "आता कसं बसायचं झाकण?"

तिने मडक्यावर झाकण ठेवलं आणि जन्मात पहिल्यांदा, मनापासून, दोन्ही हातांनी दाबून धरलं.