ट्रॉलीनं तोडलेली रेंज

सोजराबाईंची पिशवी सकाळपासून दारात भरून ठेवलेली होती. चारला त्यांच्या भावाची गाडी येणार होती. कवठे येमाईला भाचीचं लग्न, दोन दिवसांचा मुक्काम. माहेरी रात्र काढून त्यांना आठ वर्षं झाली होती. आणि नेमकी आत्ताच गाय आज-उद्या व्यायच्या बेतात.

"मी हाय की," त्यांचे मालक हौसराव म्हणाले.

"मागल्या खेपेला ती व्यायली तवा तुम्ही सोसायटीत चेअरमन कोण करायचा ते ठरवत व्हता. मला माज्या डोळ्यानं गाय दिसली पायजे. न्हाई तर गाडी रिकामी जाईल."

म्हणून सत्यजीतनं, त्यांच्या लेकानं, रांजणगावहून गोठ्यासाठी कॅमेरा पाठवला होता. घरात वायफाय होतंच. जोडायचा आणि सोजराबाईंच्या फोनवर गाय दिसायची, एवढंच काम.

दुपारचे दोन वाजले, तरी ते होईना. फोनवर चौकोनी ठिपक्यांचं चित्र यायचं, ते कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर धरायचं. हौसरावांनी ते आरती ओवाळल्यासारखं तीनदा फिरवून पाहिलं. कॅमेऱ्यातली बाई दर खेपेला इंग्रजीत नकार द्यायची.

शेवटी सुनेनं, सवितानं, डब्यावरचा बारीक मजकूर वाचला. "मामा, ह्याला दोन पॉइंट चारचंच नेट चालतं. आपल्याकडं नुसतं पाचचं चालू हाय. ते झटपट पळतं, पर भिंत वलांडत न्हाई. दोन पॉइंट चारचं लांबवर जातं." मग राउटरची सेटिंग उघडून तिनं भुवई उचलली. "दुसरं हाय की. कुणीतरी बंद करून ठिवलंय."

हौसराव एकदम गायीच्या शेपटीकडे निरखून पाहू लागले.

कुणीतरी म्हणजे कोण, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सोसायटीच्या निवडणुकीआधी त्यांनी आळीतल्या तेरा घरांना हौसेनं पासवर्ड वाटला होता. अकरा मतांनी निवडून आले. गुलाल धुतला न धुतला तोच तेरा घरांचा हिशेब त्यांच्या मनात सलायला लागला, कारण त्यातली किमान चार मतं विरोधात उभ्या राहिलेल्या बाळासोकडे गेली होती, अशी त्यांची खात्री होती. दिलेलं उघड काढून घेणं शोभत नव्हतं. मग त्यांनी वायफाय जोडून देणाऱ्या पोराला सांगून लांब पोचणारं नेट तेवढं गुपचूप बंद केलं आणि आळीला सांगितलं, "उसाच्या ट्रॉलीनं वायर तोडली. कंपनीचा माणूस येतो म्हणतोय."

पाच महिने तो माणूस येतच होता.

"पासवर्ड बदलून चालू करू का?" सवितानं विचारलं. तिचा आवाज फार साधा होता, त्याचीच हौसरावांना भीती वाटली.

"मग ट्रॉलीनं पासवर्डबी तोडला म्हणायचं का?"

सविता पदराआड हसली. घरातून सोजराबाईंचा आवाज आला, "पिशवी सोडू का मी?"

हौसरावांनी एकदा पिशवीकडे पाहिलं. सोजराबाईंनी लग्नासाठी ठेवणीतली पैठणी आधीच नेसली होती. पिशवी सोडणं जमलं असतं, ती पैठणी उतरवायला सांगणं काही त्यांना जमेना.

"दाब बटण," ते म्हणाले.

कॅमेऱ्याचा निळा दिवा स्थिर झाला आणि सोजराबाईंच्या फोनवर गाय रवंथ करताना दिसली. त्याच मिनिटाला आळीत या घरात टिंग, त्या घरात टुंग, असे पाच महिने वायफाय विसरलेले फोन जागे झाले.

पहिला आला तो बाळासो. हौसरावांनी मनात तीन सबबी जुळवून ठेवल्या, पण एकीचीही गरज पडली नाही.

"आप्पा, आली का न्हाई रेंज! तेरा सह्यांचा अर्ज घिऊन दोनदा वरवंडला गेलतो मी, त्या कंपनीच्या हापिसात. सोमवारीच दम दिला व्हता. घाबरलं बघा!"

मागून चार-पाच जण आलेच. "बाळासोनं करून दाखवलं," कुणीतरी म्हणालं. हौसरावांच्या घशात सगळं खरं एकदम आलं, पण ते सांगायचं तर ट्रॉलीचंही सांगावं लागलं असतं.

"व्हय," ते म्हणाले. "बाळासोच्या अर्जाचाच दणका."

चारला गाडी आली आणि सोजराबाई गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाय सुखरूप व्यायली, कालवड झाली. बघायला आलेला बाळासो गोठ्यात पुढच्या निवडणुकीच्या गोष्टी करत होता. तोच वरून कॅमेरा लग्नातल्या सनईसकट सोजराबाईंच्या आवाजात बोलला. हौसराव दचकून दोन पावलं मागं सरले.

"अवो, कालवड ग्वाड हाय. आन् बाळासो भावजी कवाचं हुबं हायती. यवढी तुमची ट्रॉली निस्तरली त्यांनी, च्या तरी पाजा."

हौसरावांनी वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. निळा दिवा काही केल्या डोळा मिटेना.

"सविता," त्यांनी हाक मारली, "दोन कप च्या. साखर जास्त टाक."