हातभर दोरी

मी जाळं बोलतोय. मासे धरायचं जाळं. समुद्र मी पाहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण जाळं म्हटलं की लोकांना लगेच नारळाची झाडं आणि शिडाच्या होड्या दिसायला लागतात. माझं सगळं आयुष्य बुलडाणा जिल्ह्यात गेलं, साखरखेर्ड्याच्या पलीकडच्या एका धरणात. होडी तर तिथंही नव्हती. थर्माकोलचे तुकडे बांधून केलेला तराफा होता, त्यावर बसून आमचा संसार चालायचा.

सध्या मी त्याच धरणाच्या काठी, एका घरामागं, वांग्याच्या वाफ्याभोवती कुंपण म्हणून उभा आहे. माझ्या मधोमध मोठं भगदाड आहे. ते कसं पडलं, तेच सांगायचंय.

माझा जन्म यंत्रात झाला. धागा तंगूसाचा, म्हणजे पाण्यात गेला की दिसेनासा होणारा. जालन्याच्या दुकानदारानं मला हातावर पसरून दाखवलं होतं, "पाहा दादा, खालचा हात दिसतो, जाळं दिसत नाही." काय अभिमान वाटला होता मला तेव्हा! नव्या कोऱ्या जाळ्याला अक्कल ती किती असणार?

ते 'दादा' म्हणजे माणिकराव. धरण झालं तेव्हा त्यांचं शेत पाण्याखाली गेलं, मग नांगर सोडून ते मासे धरायला शिकले. बायको पंचफुलाबाई. तिनं मला पहिल्या दिवशी अंगणात पसरलं आणि तरंगण्यासाठी माझ्या वरच्या कडेला जुन्या चपलांचे तुकडे ओवले. ओवताना एकेका तुकड्याची ओळख करून देत होती, जसं काही मी घरात आलेलं नवं लेकरूच. "हे तुह्या बाची. हे माही. अन् हे निळी धम्मशीलाची, शाळेतली. लय घासली पोरीनं." धम्मशीला त्यांची एकुलती एक लेक, उंद्रीला दिलेली. तिला मी बघायच्या आधीच तिच्या चपलेवर तरंगायला लागलो.

आता पाखरांबद्दल. धरणाच्या मधोमध एक माळ आहे. पूर्वी तिथं माणिकरावांची गुरं चरायची, आता चहूबाजूंनी पाणी आणि वर दगडगोटे. उन्हाळा लागला की त्या माळावर नदी सुरय नावाची पाखरं अंडी घालतात. डोक्यावर काळी टोपी, चोच पिवळीधमक, पाय तांबडे, शेपटी दुभंगलेली. घरटं कसलं म्हणता? उघड्या मातीत एक खळगी, झालं. दिवसभर एक जण पिल्लांवर सावली धरून बसायचं आणि दुसऱ्यानं मासे आणायचे, असा त्यांचा कारभार.

आणि आमचा कारभार त्यांच्यावर चालायचा. माणिकराव संध्याकाळी काठावर बसून नुसते आभाळाकडं बघायचे. पाखरं जिथं सूर मारतात तिथं मासा. तिथंच मला सोडायचं. "पाखरं दाखवतेत, आपून फक्त जायचं," असं ते म्हणायचे. त्यातल्या एका मादीचं एक बोट तुटलेलं होतं. पंचफुलाबाई तिला लंगडी म्हणायची. लंगडीच्या मागं गेलं की माझं पोट कधी रिकामं राहिलं नाही.

पहिल्या हिवाळ्यात माझ्यात एक पाणकावळा अडकून बुडाला. सकाळी पंचफुलाबाईनं त्याला सोडवला. मेलेला, मान लोंबलेली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

त्याच सुमारास लोणारचे गजेंद्र सर दुर्बीण घेऊन धरणावर यायचे. शाळेत मास्तर, सुट्टीच्या दिवशी पाखरं बघणं हा त्यांचा नाद. पंचफुलाबाईनं तो पाणकावळा त्यांच्यापुढं ठेवला. सरांनी त्याचा ओला पंख उलगडून पाहिला. मग म्हणाले, "ताई, हे तर काहीच नाही. या सुरयांचे भाऊबंद समुद्रावर राहतात. तिथं कोसकोस लांब जाळी लावतात. पाखराला मासा दिसतो, जाळं दिसत नाही. बुडी मारतं आणि अडकतं. कासवंसुद्धा अडकतात. कुणाला धरायचं नसतं हो त्यांना, पण जाळ्याला काय कळतं?"

"मंग करतेत काय त्या पाखराइचं?"

"काय करणार! परत पाण्यात टाकून देतात."

जाळ्याला काय कळतं, म्हणे! सर, सगळं कळतं हो. कोण मासा, कोण पाखरू, कुणाचे श्वास किती उरलेत, सगळं धाग्याधाग्याला कळतं. फक्त सोडता येत नाही. मला धरायला शिकवलं, सोडायला कुणी शिकवलंच नाही.

सरांनी जाता जाता एक सांगितलं. काही ठिकाणी जाळं पाण्याच्या वर तरंगतं ठेवत नाहीत, थोडं खाली बुडवून लावतात, म्हणजे वरवर सूर मारणारी पाखरं वाचतात. पाणकावळ्यासारखी खोल बुडणारी वाचतीलच असं नाही. पंचफुलाबाई म्हणाली, "आता जेवढी वाचतीन तेवढी वाचोत." आणि तिनं दुसऱ्याच दिवशी चपलेचा एकेक तुकडा सोडवून, आपल्या हातानं मोजून, हातभर दोरीवर पुन्हा बांधला. चपला वर तरंगायच्या आणि मी हातभर खाली लोंबायचो. मासे थोडे कमी यायला लागले, माणिकराव कुरकुरले, पण तिच्यापुढं त्यांचं काही चाललं नाही. त्यानंतर एकही सुरय माझ्यात सापडला नाही. माझ्या आयुष्यातले तेवढेच सुखाचे दिवस.

यंदा धम्मशीला बाळंतपणाला माहेरी यायची होती. पंचफुलाबाई तिला आणायला आदल्या दिवशी उंद्रीला गेली. दुसऱ्या दिवशी भीमजयंती. लेक येणार, जयंतीचे पाहुणे येणार, आणि माणिकरावांच्या मनात एकच, की पोरीला ताज्या माशाचा रस्सा पोटभर खाऊ घालायचा. उन्हानं पाणी तापलेलं, मासा सगळा वर आलेला. हातभर खाली लोंबणाऱ्या मला काय मिळणार होतं?

माणिकरावांनी मला मांडीवर घेतलं आणि एकेक दोरी गुंडाळून गाठ मारली. चपला पुन्हा माझ्या कडेला येऊन टेकल्या. "एका रातीनं काय होते बे," ते मला म्हणाले. "सकाळी पाखरं उठायच्या आत तुले काढतो." दिवस मावळताना तराफ्यावर बसून, जिथं लंगडी सूर मारत होती तिथंच, त्यांनी मला सोडलं.

खोटं नव्हते बोलले ते. पण त्या सकाळी गावात आधी ध्वज, मग वंदना, आणि ध्वजाची दोरी धरायचा मान दरवर्षी माणिकरावांचा. पांढरे कपडे घातलेला माणूस चिखलात कसा उतरणार? वंदना झाली की येऊ, म्हणाले. वंदना झाली, मिरवणूक निघाली, आणि लोकांनी हात धरून नेलं.

दिवस उजाडला तेव्हा माझ्या वरच्या कडेला मासे अडकून चमकत होते. लंगडीनं ते वरून पाहिले. मी काय करू शकत होतो? ओरडायला मला तोंड नाही, बाजूला व्हायला पाय नाहीत. ती घिरट्या घालत होती आणि मी वाऱ्याला विनवत होतो की बाबा, जरा लाट उठव, मला हलव, दिसू दे तिला मी! वारा पडलेलाच राहिला. तिनं सूर मारला आणि तिचा पंख माझ्यात शिरला.

ती धडपडली तसा मी आवळत गेलो. हे माझं सगळ्यात वाईट आहे बघा, जितकं सुटायला जाल तितका मी घट्ट होतो. तिची चोच पाण्याच्या वर होती, म्हणून श्वास चालू होता. माळावरून तिच्या पिल्लांचा आवाज येत होता. दोन होती. गावातून गाण्यांचा आवाज येत होता. ऊन वाढत गेलं.

तिचा नर चोचीत मासा घेऊन आला. तिच्या डोक्यावर फडफडत राहिला, ओरडला. ती वर बघायची आणि चोच उघडायची. त्यानं मासा टाकला, तो पाण्यात पडला. पुन्हा गेला, पुन्हा आणला. अरे, जा ना माळावर! पिल्लं उन्हात आहेत, इथं काय करतोस? तू अडकलास तर त्यांना कोण आहे? पण ऐकणार कोण. होता होता तिनं मान टाकली. नर एकदम खाली आला, आणि तोही माझ्यात गुंतला.

दुपारी पंचफुलाबाई लेकीला घेऊन एसटीनं उतरली. घरात पाऊल टाकायच्या आधी तिनं विचारलं, "आवो, जाळं काहाडलं का?" तिनं एकदा त्यांच्या पांढऱ्या कपड्यांकडं पाहिलं आणि विळा उचलून धरणाकडं पळत सुटली.

तराफ्यावरून ती माझ्याजवळ आली. लंगडी गेलेली होती. चपला माझ्या कडेला चिकटलेल्या तिनं पाहिल्या आणि तिला सगळं समजलं. नर अजून धडपडत होता. माणिकराव त्याच पांढऱ्या कपड्यांत छातीभर पाण्यात उतरले होते. म्हणाले, "हळू सोडव, जाळं फाटन."

"फाटू द्या!" ती कडाडली. "जाळ्याचं काय घेऊन बसले? काऊन बांधल्या दोऱ्या वर? कोणाले इचारलं तुमी?"

"पोरीसाठी केलं व," माणिकराव म्हणाले.

"तिचीबी पोरंच हाएत तथी."

तिनं विळा घातला. मला दुखलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यातून कुणीतरी जिवंत सुटत होतं! नर पाण्यावर आपटला, सावरला आणि माळाकडं गेला. काठावर धम्मशीला पोटाला हात लावून उभी होती. रस्सा त्या दिवशी कुणी केला नाही.

पण एकट्यानं काय करावं? तो मासे आणायला गेला की पिल्लं उन्हात, आणि सावली धरून बसला की उपाशी. मला काठावर वाळत टाकलं होतं, तिथून सगळं दिसायचं. धम्मशीला म्हणाली, "माय, फुटका माठ ठेवून देऊ ना तथी, सावली होईन." गजेंद्र सरांना फोन लावला. ते म्हणाले, माणूस माळावर गेला की सगळीच पाखरं उठतील आणि बाकीच्यांचीही पिल्लं तापतील, कावळे नेतील. नका जाऊ. मग आम्ही चौघं, म्हणजे मायलेकी, माणिकराव आणि मी, नुसते बघत राहिलो. एका पिल्लाचा आवाज बंद झाला. दुसऱ्याचा येत होता तोवर मला गुंडाळून इथं कुंपणाला आणलं. त्याचं पुढं काय झालं, मला माहीत नाही.

धम्मशीलाला मुलगी झाली. माणिकरावांनी नवं जाळं आणलं. वाफ्याजवळ बसून त्यांनी माझ्या कडेच्या चपला एकेक करून सोडवल्या आणि नव्याला हातभर दोरीवर बांधल्या. प्रत्येक दोरी आपल्या हातानं मोजून बघत होते. बायकोशी ते अजून मोकळं बोलत नाहीत. निळा तुकडा हातात आला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला, मग तोही बांधला.

इथं कुंपणातही माझं तेच चाललंय. परवा एक साळुंकी अडकली. पंचफुलाबाईनं सोडवली, म्हणून वाचली. काल माणिकराव म्हणाले, "हे जुनं काहाडून धरणात टाकून देतो एखाद्या दिवशी." पंचफुलाबाई आत नातीला न्हाऊ घालत होती. तिला ऐकू गेलं नाही.

माणिकराव, मला पाण्यात टाकू नका. तुम्हाला वाटतं जुनं झालं, फाटलं, संपलं. मी कुजत नाही हो! तळाशी पडलो तरी धरतच राहीन, आणि तिथं सोडवायला कुणी येणार नाही. पंचफुलाबाई, नात झोपली की विळा घेऊन या. एक भगदाड पाडलंत, आता बाकीचंही सगळं कापा, चिंध्या चिंध्या करा. मला स्वतःला ते जमत नाही.