चोविसावा प्रेक्षक

माणसांना अंधाऱ्या खोलीत बसवून व्हिडिओ दाखवायचे आणि "कसा दिसला, एक ते पाचमध्ये गुण द्या" असं विचारायचं, याचा मला पगार मिळतो. ऐकणाऱ्याला गंमत वाटते. मलाही वाटायची.

त्रिमितीय व्हिडिओत प्रत्येक डोळ्यासाठी वेगळं चित्र असतं. दोन्ही पूर्ण पाठवायची तर फार जागा लागते, म्हणून ती दाबून लहान करतात. फार दाबली की चित्रात चौकोनी ठोकळे दिसायला लागतात. आमचा प्रश्न असा होता, की एकाच डोळ्याचं चित्र दाबलं आणि दुसऱ्याचं स्वच्छ ठेवलं, तर माणसाला कळतं का? म्हणून निम्म्या तुकड्यांत डावं चित्र खराब केलं होतं, निम्म्यांत उजवं. बहुतेकांना कळत नाही. चांगलं चित्र वाइटाला सांभाळून घेतं.

चोवीस प्रेक्षक हवे होते. शेवटच्या दिवशी चोविसाव्याने दांडी मारली आणि मी मावशीला फोन केला. आई गेल्यावर मला वाढवलं ते मावशीनेच, आजही आम्ही दोघंच राहतो. ती कपडे शिवते. "मला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणत ठेवणीतले कपडे घालून ती तासाभरात हजर झाली.

खुर्चीत बसवण्याआधी प्रत्येकाचे डोळे तपासायचे, असा नियम आहे. एकेक डोळा झाकून अक्षरं वाचून घ्यायची, मग ठिपक्यांच्या कार्डावर दोन्ही डोळ्यांनी बघितलं तरच उठून दिसणारा आकार ओळखायला लावायचा. दहा मिनिटांचं काम. पण खोली रिकामी करून द्यायची होती आणि आमच्या प्रमुख बाई दारात घड्याळ बघत उभ्या होत्या. जी बाई रोज शिलाई मशीनवर बसते, तिचे डोळे काय तपासायचे! मी तिच्या फॉर्मवर दोन्ही डोळ्यांपुढे 'ठीक' अशी खूण केली आणि प्रत्येक डोळ्याला आपापलं चित्र दाखवणारा चष्मा तिच्या नाकावर चढवला.

चाचणी संपवून बाहेर आल्यावर तिने जगमधलं पाणी पेल्याच्या शेजारी ओतलं, थेट माझ्या कागदांवर. "अंधारातून आले ना," ती ओशाळून म्हणाली. मी हसलो.

मग सगळ्यांचे गुण एकमेकांशी ताडून पाहिले. ज्याचे फारच वेगळे पडतात, त्याला वगळायचं असतं. मावशी पहिल्या फटक्यात उडाली. कुठे एक, कुठे पाच, मधलं काहीच नाही. "डुलकी लागली असणार," बाई म्हणाल्या. तेवीस जणांवर अहवाल गेला, त्याचं कौतुकही झालं.

"मावशी, तू नापास," मी जेवताना म्हटलं. "डुलकी लागली असणार म्हणून काढून टाकलं तुला."

तीही हसली. ताट उचलताना मात्र म्हणाली, "मी अगदी लक्ष देऊन बघत होते रे. तुझं काम बिघडलं का?"

"चालतंय गं," मी म्हणालो. केवढा माझा मोठेपणा!

सात महिन्यांनी मशीनची सुई तिच्या बोटात घुसली. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना शंका आली. त्यांनी तिचा उजवा डोळा झाकला, तर तिला समोरचा दिवासुद्धा दिसेना.

"काचबिंदू," डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या. "डावा डोळा गेला. उजव्याला थेंब सुरू करू, तो सांभाळू. सहा-सात महिने आधी आला असतात, तर डाव्यात तेव्हा जेवढं दिसत होतं तेवढं तरी राहिलं असतं. कधी तपासले नव्हते का डोळे?"

"तपासले होते की, याच्याच ऑफिसात," मावशी म्हणाली. "चष्मा लावून तासभर बसवलं होतं. काही असतं तर यानेच सांगितलं असतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. थेंब दिवसातून किती वेळा घालायचे तेवढं विचारलं, आणि याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी मी मावशीच्या गुणांची वगळलेली ओळ उघडली. डावं खराब केलेले तुकडे एका बाजूला लावले, उजवं खराब केलेले दुसऱ्या. दोन मिनिटं लागली. उजवं खराब तिथे एक, डावं खराब तिथे पाच. एकदाही चूक नाही. तिला फक्त उजव्या डोळ्याने नीट दिसत होतं, आणि ते तिने मला चाळीस वेळा सांगितलं होतं.

कागद छापून घरी नेला. "मावशी, त्या दिवशी मी तुझे डोळे तपासलेच नव्हते. फॉर्मवर खोटी खूण केली. आणि हे बघ, हे तुझे गुण." मग सगळं समजावून सांगितलं.

तिने कागद उजव्या डोळ्याजवळ धरला आणि पट्टी बांधलेलं बोट एकेका आकड्यावरून खाली नेलं. ती कधी ओरडते याची मी वाट बघत होतो. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी बरोबर होते?"

"सगळेच्या सगळे बरोबर."

"बघ, म्हटलं नव्हतं? झोपले नव्हते मी." तिचा चेहरा खरोखर खुलला. मग तिने कागदाची नीट घडी घातली, आणि बराच वेळ ती घडी बोटांनी दाबत राहिली.

"'इथे एक का दिलास?' एवढं विचारायचंस रे," ती म्हणाली. "याच घरात होते मी."