अण्णांच्या घरची वीज

"तुझ्या टेबलावरची वीज निराळी, माझ्या घरची निराळी. स्वल्प ध्यानात ठेव," वादिराज अण्णा फोनवर म्हणाले.

मी मांडीवरच्या ध्रुवला थोपटत हसले. "अण्णा, रिटायर झालात. आता तरी आमच्या मागे लागू नका."

"मग कोणाच्या लागू? माझी बायको, पद्मावती असती तर तिच्या लागलो असतो."

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या छोट्या कंपनीत अण्णांनी जन्मभर ड्रायव्हर लिहिले. यंत्र सुरू होताना त्याच्या एकेका भागाला ओळखून कामाला लावणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. मला ते त्यांनीच शिकवलं. त्यांचा मुलगा प्रणीत कॅनडात. चिकपेटच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या गोदामावरच्या दोन खोल्यांत अण्णा एकटे राहायचे. एकटं माणूस पडलं तर ते ओळखून फोन लावणारं आमचं यंत्र चाचणीसाठी त्यांच्या भिंतीवर लावलं होतं. त्यात नंबर माझा. "प्रणीत झोपलेला असतो. तू काय, पोरापायी जागीच," असं त्यांचं म्हणणं.

यंत्राची एक खोड होती. लाईट जाऊन आली की ते झटकन सुरू व्हायचं, पण त्यातला पडणं टिपणारा सेन्सर सावकाश. ड्रायव्हर घाईने त्याला 'आहेस का' विचारायचा, उत्तर यायचं नाही, की सेन्सरच नाही असं धरून यंत्र पुढे जायचं. वर हिरवा दिवा तसाच चालू. मी ड्रायव्हरला विचारण्याआधी जरा थांबायला लावलं होतं. माझ्या टेबलावर ते दरवेळी नीट चाललं.

मग एका दुपारी अण्णा फोन उचलेनात. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला. माझा नवरा श्रीरंग म्हणाला, "झोपले असतील गं, तुझं नेहमीचंच." माझं नेहमीचंच होतं, खरंय. तरी ध्रुवला छातीशी बांधलं आणि मेट्रो बदलून चिकपेट गाठलं. खालच्या गोदामातल्या नंदकिशोरकडे जादा किल्ली असायची.

अण्णा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले होते, एक पाय सरळ पसरलेला. वर हिरवा दिवा.

"ये अक्का. सकाळी लाईट गेली, आली. मग मी पडलो. तुझं मशीन गप्पच. मी ओरडून सांगितलं, अरे आहे मी, इथंच आहे."

"हसवू नका, अण्णा."

"मग काय रडू? आधी पाणी दे. पोराला काय खाऊ घालतेस गं, गोपुरासारखं वाढलंय."

पायाला प्लॅस्टर बसलं. दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या पलंगाशी बसले.

"माझ्या घरच्या जुन्या वायरिंगमधून वीज हळूहळू चढते. थांबायचा वेळ वाढव," ते म्हणाले.

"किती वाढवू? तेवढा वेळ यंत्रावरचं मदतीचं बटणही बंद राहील."

मग मी निराळंच केलं. सेन्सरचं उत्तर आलं नाही तर तो नाही असं ठरवायचंच नाही. बाकीचं सगळं सुरू करायचं, त्याला पुन्हापुन्हा विचारत राहायचं, आणि तो बोलेपर्यंत दिवा लाल. अण्णांच्याच भिंतीवरचा प्लग आम्ही काढला, लावला, पुन्हा काढला. दिवा लाल व्हायचा, जरा वेळाने हिरवा व्हायचा. ध्रुव दरवेळी टाळ्या पिटायचा.

"सरी," अण्णा म्हणाले. त्यांच्या कानडीत, ठीक आहे. याहून मोठी शाबासकी त्यांनी ऑफिसात कोणाला दिल्याचं मला आठवत नाही.

पुढे श्रीरंगला पुण्यात नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. इथे सगळं आहे, माझी माणसं, माझी भाषा. पण मला अक्का म्हणणारं कोणी नाही. चुकून दोन कप कॉफी करून मग दोन्ही स्वतःच पिणारं कोणी नाही.

यंत्र आता जरा जास्तच जागं असतं. परवा अण्णा चटईवर आडवे झाले तर मला फोन आला. मी लगेच त्यांना लावला. रिंग वाजत राहिली. काठी शोधून फोनपर्यंत यायला त्यांना वेळ लागतो, हे मला माहीत आहे. तरी ते फोन उचलेपर्यंत मी ध्रुवला कडेवर घट्ट धरून बाल्कनीत उभी होते, आणि तिथे पाठवायला माझ्याकडे कोणी नव्हतं. गोदाम कायमचं बंद करून नंदकिशोर तुमकूरला निघून गेलाय.

तुमच्यापैकी कोणी चिकपेटला साड्या घ्यायला गेलात तर बंद गोदामावरच्या त्या खोल्यांपर्यंत जरा चढा. कडी वाजवून लगेच जिना उतरू नका. "मी बरा आहे, कशाला आलात," असं ते म्हणतील. तरी आत जा, कॉफी घ्या. आणि ओट्यापर्यंत जाताना ते भिंत धरतात का, तेवढं बघून मला कळवा.