ती थांबेल तिथे

कालव्याच्या सरळसोट वाटेवर, जिथे डावीकडे पाणी आणि उजवीकडे दगडी बांध याखेरीज काहीच नव्हतं, तिथे ती थांबली.

वीस पावलं मागे रंगारीही थांबला. हातात पिवळ्या रंगाचा डबा, काखेत तारेचा ब्रश. वाट कुठली ते तिला सांगायचं नाही, हा दोघांचा एकतीस वर्षांचा नियम होता.

तीर्थाला जाणारा मोठा रस्ता ट्रकांनी गजबजला, तेव्हा यात्रा समितीनं ही कालव्याकाठची आडवाट शोधून काढली. दोन दिवसांनी लांब, पण शांत. तिच्यावर खुणेचे बाण काढायचं काम या रंगाऱ्याला मिळालं, आणि पहिल्या वर्षी हुरूप आल्यामुळे त्यानं इतके बाण काढले की निम्मे पुसावे लागले. दुसऱ्या वर्षी बायको म्हणाली, "मी पुढे चालते, वाट ठाऊक नसल्यासारखी. अडखळेन तिथे बाण काढा. बाकी ठिकाणी हात आवरा." तेव्हापासून दर वर्षी यात्रेकरू येण्याआधी ती पुढे आणि हा मागे, अशी फेरी होई. कुठे कुंपण नवं असे, कुठे झाड पडलेलं असे. दर वर्षी मनाची पाटी कोरी करून चालणं तिला कसं जमायचं, देव जाणे. गेल्या वर्षापासून मात्र तिला ते जमवावं लागत नव्हतं.

"अहो," ती मागे न वळता म्हणाली, "इथे एक हवा."

"इथे?"

"हवाच. मला कळतच नाहीये."

फाटा नव्हता, वळणही नव्हतं. रंगाऱ्यानं बांधावरचं शेवाळ खरवडलं आणि मुकाट्यानं बाण काढला. या फेरीत सरळ वाटेवरचा हा तिसरा.

"आईला या वर्षी माझ्याकडे राहू द्या," असं लेकीनं चारदा सांगून पाहिलं होतं. समितीला कळलं असतं तर तीही तेच म्हणाली असती. बाई हरवली तर जबाबदार कोण? रंगाऱ्याला हे सगळं पटत होतं. पण तिला घरी ठेवून एकट्यानं या वाटेवर चालायचं, ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती. म्हणून समितीत त्यानं कुणाला काही कळू दिलं नव्हतं.

फेरीच्या चौथ्या दिवशी, कालव्याचं पाणी सोडायच्या दारापाशी, विसाव्याच्या शेडमध्ये समितीच्या निरीक्षकबाईनं त्यांना गाठलं. सायकल भिंतीला टेकवून ती थेट मुद्द्यावर आली.

"काका, सरळ वाटेवर तीन बाण? काल वेळेआधीच निघालेले दोघं यात्रेकरू बांध चढून शेतात शिरले. बाण आहे म्हणजे फाटा असणारच, म्हणून तासभर शोधत बसले. चिखलानं माखून आले आणि मला काय काय ऐकवलं!"

रंगाऱ्यानं मान खाली घातली. सरळ वाटेवर बाण दिसला की माणूस उगाच फाटा शोधतो, हे निरीक्षकबाईला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यानंच शिकवलं होतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "वय झालं. हात चालतो, डोकं चालत नाही. विसरायला होतं."

"तुम्ही विसरता? मागच्या वर्षी मी कुठल्या दगडावर बसून चहा प्यायले, तेसुद्धा तुम्हाला आठवतं!"

"आठवायचं. आता नाही."

बायको बाकावर बसून चिंधीनं ब्रश पुसत होती. ते काम तिचे हात अजून चोख करत होते. मान वर न करताच ती म्हणाली, "खोटं बोलतायत. आणि तेही धड जमत नाहीये."

"अगं, तू गप्प बस ना."

"का म्हणून? बाई, थांबते मी. मी थांबले की हे काढतात. पुढची वाट दिसते हो मला. पण आपण आलो कुठून, तेच निसटतं. मग भीती वाटते, पाऊल चुकलं तर यांना मी सापडणार कशी?"

निरीक्षकबाईनं नोंदीसाठी उघडलेलं पेन बंद केलं. ती मनानं चांगली होती, पण नोकरी नोकरीच्या जागी होती.

"ते तीन बाण आजच पुसा, काका," ती हळू आवाजात म्हणाली. "फेरी दोघं मिळून पुरी करा, मी काही पाहिलेलं नाही. पण पुढच्या वर्षी डबा दुसऱ्याकडे द्यावा लागेल."

"बरं," रंगारी म्हणाला.

"तो एकटाच असेल?" बायकोनं विचारलं.

"हो, काकू."

"मग फार बाण काढेल," ती म्हणाली.

दुपारी बांधाच्या दगडासारख्या करड्या रंगाचा डबा घेऊन दोघं मागे फिरले. दोन बाण पुसून झाले. तिसऱ्यापाशी पोहोचले, तर ती बांधाकडे तोंड करून बाणासमोर उभी राहिली आणि तिनं त्यावर हात ठेवला.

"छान काढलाय हो. कुणी काढला असेल?"

"असेल कुणी रंगारी."

"बायको असणार त्याला."

"कशावरून?"

"किती खाली काढलाय बघा ना. पुरुष आपल्या उंचीनं काढतात. यानं कुणाच्यातरी नजरेला येईल असा काढलाय."

ताडमाड रंगारी वाकून बाणाच्या उंचीला आला. "आहे बायको," तो म्हणाला. "बुटकी आहे."

ती खुदकन हसली. त्यानं तिचा हात अलगद बाजूला केला आणि ब्रश बुडवला. बाण जायला चार हात मारावे लागले. खाली थोडा पिवळा दिसत होता, म्हणून त्यानं पाचवाही मारला.

फेरी पुरी करायची म्हणून ती आता पुन्हा तीर्थाच्या दिशेनं वळली, आणि तिथेच थांबली. डावीकडे पाणी. उजवीकडे बांध. बांधावर करडा, ओला डाग. तिनं डागाकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग पुन्हा डागाकडे. नियमाप्रमाणे वीस पावलं मागे जाऊन रंगारीही उभा राहिला. तिची बोटं साडीचा पदर चुरगळायला लागली.

त्यानं दोन्ही डबे एका हातात घेतले, ती वीस पावलं चालून गेला आणि तिचा हात धरला.

"सरळ," तो म्हणाला.

"सांगायचं नाही ना," ती म्हणाली. पण हात तिनं सोडवून घेतला नाही.