कुंभारणीचं घर आणि मी

मी आलापल्लीच्या लाकूड डेपोतला ट्रक बोलतोय. लढाई संपल्यावर लिलावात निघालेला, फौजी हिरव्या रंगाचा. ठेकेदारानं मला सागाच्या ओंडक्यांना जुंपलं आणि नवा ट्रक आल्यावर कुंपणाशी टाकून दिलं. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

डेपोचा चौकीदार लटारू शेजारच्या झोपडीत राहायचा. त्याची बायको रुखमा माझ्या बॉनेटवर मोहफुलं वाळत घालायची. लग्नाला बरीच वर्षं होऊनही तिची कूस उजवली नव्हती. एकदा पेट्रोलच्या सुटलेल्या नळीत कुंभारीण माशी तोंडात चिखल घेऊन शिरताना तिला दिसली. कुंभारणीनं घर केलं की पाळणा हलतो, ते घर कुणी मोडू नये, अशी इकडच्या बायांची समजूत. थोड्याच दिवसांत रुखमाला दिवस गेले. मीही उगाच फुशारलो.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात ठेकेदाराला माझी आठवण झाली. ड्रायव्हर भैयाजीनं टाकी धुतली, पंप साफ केला, नळी जोडली. पण पेट्रोल पुढे सरकेना. त्यानं तोंडानं ओढून पाहिलं, फुंकून पाहिलं, मला शिव्या घातल्या. रुखमा दारातून बघत होती. तिला कारण ठाऊक होतं, पण ती बोलली नाही. मला बरंच वाटलं. पुन्हा ओंडके कोण ओढणार!

दुसऱ्या दिवशी पहाटे मोह वेचायला गेलेल्या लटारूला अस्वलानं धरलं. खाटेवर घालून आणला तेव्हा मांडी फाटली होती, रक्त थांबत नव्हतं. नवा ट्रक दूर जंगलात गेलेला. बैलगाडीनं चांद्याचं इस्पितळ गाठेपर्यंत माणूस वाटेतच गेला असता. भैयाजी पुन्हा माझ्याशी झटू लागला.

"भैयाजी, नळी काढा," रुखमा म्हणाली. "कुंभारीण आहे तिच्यात."

"मंग काल काऊन नाई सांगतलं बाई?"

तिनं पोटावर हात ठेवला. भैयाजी उमजला. "मी काढतो. तू तिकडं पाहू नको."

"नाई. तार माह्याजवळ द्या."

तिनं स्वतः तार खुपसली. वाळलेला चिखल पडला, त्यात एक पांढरी अळी होती. नळी जोडली, पेट्रोल वाहू लागलं. भैयाजीनं हँडल मारलं आणि मी धडधडलो. इतका बेशरम आवाज मी आयुष्यात कधी केला नव्हता.

लटारू वाचला. लंगडतो, पण चालतो. रुखमाचं बाळ मात्र सातव्या महिन्यात गेलं.

"आपल्याच हातानं घर मोडलं तिनं," विहिरीवर बाया बोलतात.

"माह्या जिवासाठी मोडलं ना!" लटारू चिडतो.

माशीच्या चिखलाचा आणि पोटातल्या बाळाचा काही संबंध नाही, एवढं माझ्यासारख्या लोखंडालाही कळतं. पण कळून मनाची टोचणी जाते थोडीच? नळी माझी होती. तहान माझी होती. हात तेवढा तिचा लागला.

आता रोज ओंडके घेऊन तिच्या दारावरून जातो. माझी धडधड ऐकली की ती आत निघून जाते. बायांनो, बोल लावायचाच असेल तर मला लावा. मी लोखंडाचा आहे, मला सोसेल.