काळा पोर्ट

दुनियेचे कॉम्प्युटर मी दुरुस्त करते आणि आमच्या घरातला जागा होईपर्यंत माझी अंघोळ उरकायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. नवरा घरांचे नकाशे काढतो, त्याचं सगळं काम त्याच डब्यावर. “ती वेगवान डिस्क, एसएसडी, टाकून दे ना,” म्हणून तो मागे लागायचा आणि मी म्हणायचे, “या रविवारी नक्की.” तो रविवार काही उजाडला नाही. मी त्याला निवांतराव म्हणते, कारण तो कशावरच चिडत नाही. वेगळं व्हायचं हेसुद्धा त्यानं चहा ढवळत ढवळत सांगितलं. मीही ताठ्यात म्हटलं, “बरं.” माझा ताठा मला नेहमीच नडतो, पण इतका महागात कधी पडला नव्हता.

काल तो उरलेलं सामान न्यायला आला. कपड्यांच्या बॅगा दाराशी ठेवल्या आणि कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, “जाता जाता एवढं करून देतेस?”

“देते की. बस.”

काम सोपं असतं. नवी एसएसडी वायरीनं बाहेरून जोडायची, जुन्या डिस्कवरची सिस्टीम आणि फायली जशाच्या तशा तिच्यावर उतरवायच्या, मग जुनी काढून नवी आत बसवायची. आमच्या डब्याला मागे वायर खुपसायचे दोन रंगांचे पोर्ट आहेत. निळा वेगवान, काळा रखडणारा. निळ्यात वायर लावली असती तर तो अर्ध्या तासात दाराबाहेर गेला असता. मी काळ्यात लावली.

मुद्दाम लावली. मला त्याच्या तोंडून एकच ऐकायचं होतं, ‘जात नाही मी.’ निवांतरावांना ते सुचायला वेळ लागणार, हे बायकोला कळत नाही होय?

पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली. तो म्हणाला, “नव्या जागेतला ओटा फार खाली आहे.”

“मग वाकायला शिक. इथे कधी वाकला नाहीस.”

तो हसला. मीही हसले. किती दिवसांनी आम्ही एका गोष्टीवर हसलो होतो! मग तो उठला, माझ्या पेटीतला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि स्वयंपाकघरातल्या खणाची मूठ घट्ट करत बसला. ती मूठ कधीची लुळी पडली होती. माझ्या जिवात जीव आला. जाणारा माणूस मुठी कशाला घट्ट करेल?

संध्याकाळ झाली तेव्हा पट्टी भरली. मी जुनी डिस्क काढली, नवी बसवली, बटण दाबलं. त्यानं खुर्ची ओढेपर्यंत पडदा उजळून त्याचे नकाशे समोर हजर.

“अगं, मी बसलोपण नव्हतो!”

मी वाट बघत राहिले. त्यानं कॉम्प्युटर बंद केला, वायरी नीट गुंडाळल्या, बॅगा खाली गाडीत ठेवून आला. मग डबा उचलून छातीशी धरला आणि दारापाशी थांबला.

“निळ्यात लावली असतीस तर केव्हाच झालं असतं.”

हा डबा घरात आला तेव्हा मीच त्याला शिकवलं होतं, घाई असेल तर निळा.

“तुला कधी कळलं?”

“लावलीस तेव्हाच.”

“मग बोलला का नाहीस?”

“मलाही बसायचं होतं गं थोडं.”

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्याचेही डोळे भरले होते. वाटलं, आता हा डबा खाली ठेवेल. ताठा गेला चुलीत, मी म्हटलं, “नको ना जाऊस.”

त्यानं डबा आणखी घट्ट धरला. त्याचे दोन्ही हात डब्यात अडकले होते.

“दार उघडतेस जरा?”

मी उघडलं.